ऑफिस फोर्टातून ऐरोलीच्या बिझनेस पार्कात हलतंय: अनुभव आणि मतं हवी आहेत

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस दिवाळीनंतर फोर्टातून ऐरोलीच्या एका बिझनेस पार्कात जाणार, असं मागच्या आठवड्यात सांगण्यात आलं. विम्याच्या दाव्यांचं काम आहे, माणसं दीडशेच्या आसपास. मी डोंबिवलीची. नकाशा बघितला तर मला आनंद व्हायला हवा, कारण सीएसएमटीपर्यंतचा सव्वा तासाचा प्रवास जाऊन ठाण्याला गाडी बदलली की ऐरोली. घरचे खूश आहेत. मी नाही, आणि का नाही ते मला नीट मांडायचं आहे. महिनाअखेरीस व्यवस्थापनाने आमचं म्हणणं लेखी मागितलं आहे.

आज संध्याकाळी मी सीएसएमटीला गाडी सुटते तिथे चढते. एखादी गाडी सोडली तर बसायला मिळतं. उद्या ऐरोलीहून ठाण्याला उतरून, साडेसहाच्या गर्दीत, मुंबईहून भरून आलेल्या गाडीत शिरायचं. अंतर निम्मं झालं, पण उरलं ते नेमकं ठाणे ते डोंबिवली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या गाडीतून माणसं पडली आणि गेली, तो हाच पट्टा.

दुसरं म्हणजे फोर्टातला दुपारचा तास. जीपीओ, बँक, सासऱ्यांची औषधं प्रिन्सेस स्ट्रीटवरून, क्रॉफर्ड मार्केटची एखादी फेरी. माझं निम्मं घर त्या तासावर चालतं. ऐरोलीच्या पार्कच्या गेटबाहेर काय आहे? ज्यांनी असा बदल अनुभवला आहे त्यांनी कृपया लिहा.

वसईचा_वाटसरू

ताई, माझं ऑफिस चर्चगेटहून असंच ऐरोलीला गेलं. वसईहून चर्चगेट म्हणजे एक गाडी. ऐरोली म्हणजे वसई ते अंधेरी, अंधेरी ते घाटकोपर मेट्रो, घाटकोपर ते ठाणे लोकल आणि ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल. नाहीतर दादरला बदलून तीन गाड्या. वसई-दिवा-पनवेल मार्गावर गाड्या आहेत, पण इतक्या थोड्या की ऑफिसची वेळ त्यांच्यावर बांधता येत नाही. घोडबंदर रोडबद्दल तर बोलायलाच नको.

फोर्ट आणि चर्चगेट सगळ्यांनाच लांब पडतं, पण सगळ्यांना तिथे पोचता येतं. पश्चिम, मध्य, हार्बर, तिन्ही मार्ग तिथेच येऊन संपतात. ऐरोली काहींच्या दाराशी आहे आणि काहींच्या आवाक्याबाहेर. आमच्या विभागातल्या विरार, नालासोपारा, मीरा रोडच्या लोकांनी एकेक करून नोकरी सोडली. कुणालाही काढलं नाही, नोटीस नाही, भरपाई नाही. गेलेल्यांत बायका जास्त होत्या, कारण संध्याकाळी सातनंतर पाळणाघर थांबत नाही. कंपनीच्या कागदावर ते सगळे ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामे’ आहेत. तुमच्या दीडशेत पश्चिम मार्गावरचे किती, हे आधी मोजा आणि पत्रात पहिल्या परिच्छेदात लिहा.

निवृत्त_रोखपाल

माझी सगळी नोकरी नरिमन पॉइंटला झाली. हा प्रश्न आजचा नाही, म्हणून थोडं मागे जातो.

मुंबई लांबट आणि चिंचोळी, नोकऱ्या दक्षिण टोकाला आणि माणसं उत्तरेला. रोज सकाळी सगळं शहर एका दिशेला लोटतं. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली ती याचसाठी. मार्च १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. बेलापूरला मध्यवर्ती व्यापारी केंद्र करायचं आणि राज्य सरकारने आपली कार्यालयं तिकडे न्यायची, म्हणजे मागोमाग खासगी कचेऱ्या येतील, असा विचार होता. झालं काय, तर त्याच दशकात सरकारने नरिमन पॉइंटला भराव घालून भूखंड विकले आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. एअर इंडियाची इमारत १९७४ ची. एका हाताने गर्दी खाडीपलीकडे न्यायची योजना आणि दुसऱ्या हाताने समुद्रात नवी ऑफिसं! कांदा-बटाटा, धान्य, मसाल्याचे घाऊक बाजार मस्जिद बंदरच्या बाजूने वाशीला नेले, कारण व्यापाऱ्यांना आणि हमालांना हलवता आलं. मंत्रालय जागचं हललं नाही. बेलापूरला कोकण भवन झालं, तेवढंच.

२०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा पुन्हा संधी होती. खाती मुंबईभर भाड्याच्या जागांत विखुरली, पण मुख्यालय तिथेच दुरुस्त झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने एअर इंडियाची तीच इमारत १६०१ कोटींना घ्यायला मंजुरी दिली. म्हणजे खासगी कंपन्या भाडं परवडत नाही म्हणून उत्तरेला आणि खाडीपलीकडे निघाल्या, आणि ज्याने आधी जायचं ठरवलं होतं ते सरकार दक्षिणेतच आणखी जागा घेतंय.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महागड्यांत गणली जात होती. त्या भावात मागच्या खोलीतलं काम, म्हणजे दावे, हिशेब, नोंदी, तिथे ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडणार नव्हतं. साहेबांची केबिन समुद्राकडे राहिली, कारकुनाचं टेबल आधी हललं. तुमच्याही कंपनीत विचारून बघा ताई, संचालकांचं ऑफिस ऐरोलीला जातंय का?

खिडकीजवळची

काका, विचारायची गरजच नाही. ‘नोंदणीकृत कार्यालय’ फोर्टातच राहणार आहे. छोटी जागा, वरचे दहा-बारा लोक.

चौथा_मजला

मी वेगळी बाजू मांडतो. मला लहानपणी पोलिओ झाला, कुबड्यांवर चालतो. फोर्टातल्या ज्या जुन्या इमारतीत माझी पहिली नोकरी होती तिथली लिफ्ट वर्षातले कित्येक दिवस बंद असायची. स्वच्छतागृह अर्ध्या जिन्यावर. मजल्यावरच्या सगळ्या बायकांसाठी एक, तेही कुलूप लावलेलं, चावी शिपायाकडे. दगडी कमानी बाहेरून सुंदर दिसतात, मान्य. मला त्यांच्या पायऱ्या आठवतात.

बिझनेस पार्कात आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची मदत न घेता रस्त्यापासून टेबलापर्यंत गेलो. उतार आहे, रुंद दार आहे, माझ्या सोयीचं स्वच्छतागृह आहे, चार लिफ्ट आहेत. वीज जात नाही. ज्यांना फोर्टाची ओढ आहे त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण हे मला फोर्टाने कधी दिलं नाही. तेव्हा पत्र लिहाल ते ‘पार्क नको’ असं लिहू नका. पार्कपर्यंत पोचायची सोय मागा.

ओंजळ

चौथा_मजला यांचं म्हणणं पूर्ण पटलं. तरीही मला फोर्टाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी भाड्याच्या हिशेबात येत नाही.

माझे वडील लातूरकडून मुंबईत आले, बॅलार्ड पियरला एका गोदी-कंपनीत कारकून म्हणून लागले, तेव्हा ते मॅट्रिक होते. सकाळी सिद्धार्थ कॉलेज आणि मग ऑफिस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये हे कॉलेज काढलं ते नोकरी करून शिकणाऱ्यांचा विचार करून. म्हणून सकाळचे वर्ग, आणि म्हणूनच फोर्टातली जागा. आनंद भवनातून निघालं की पायी दहा मिनिटांत निम्म्या मुंबईच्या कचेऱ्या. १९५६ मध्ये सोसायटीचं विधी महाविद्यालयही सुरू झालं. कारकून, टपालखात्यातले लोक, गोदीतले लोक नोकरी करत पदवीधर झाले, वकील झाले. वडील बी.ए. झाले ते तिथेच. वर्गातून ऑफिसात आणि ऑफिसातून वाचनालयात चालत जाता येत होतं, वेगळं गाडीभाडं पडत नव्हतं. आमच्या घरात शिक्षण आलं ते त्या चालत जाण्याच्या अंतरातून आलं, असं मी मानते.

मी स्वतः एका आयटी पार्कात काम करते. आमच्याकडे कामाच्या जागी दहा हजार तरुण मुलं-मुली असतील. बारावी करून, डिप्लोमा करून लागलेली कितीतरी आहेत. पार्काच्या आत व्यायामशाळा आहे, कॉफीची दुकानं आहेत, बँकांची मशीनं आहेत. पण शिफ्ट सुटल्यावर चालत जाऊन एल.एल.बी. किंवा एम.कॉम.चा वर्ग गाठता येईल असं एकही ठिकाण जवळ नाही. ऑनलाइन कोर्स आहेत असं सांगतात. मी दोन्ही पाहिलंय. वर्गात शेजारी बसलेला माणूस जे देतो, नोकरीची खबर, जुन्या नोट्स, फी भरायला उसने पैसे, ते पडद्यावरून मिळत नाही. नवी मुंबईत कॉलेजं पुष्कळ आहेत. त्यांनी नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग पार्काच्या शेजारी का काढू नयेत? जागा देताना सिडको आणि एमआयडीसीने (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) ही अट का घालू नये? हे मला खरंच कळत नाही आणि त्याचा राग येतो.

कुर्ला_पश्चिम

बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं, कुणी लिहिलं नाही म्हणून. ते ना धड मध्य, ना धड उपनगर. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, सेबी, बँकांची मुख्यालयं, हिऱ्यांचा बाजार, सगळं आलं. ऑपेरा हाउसच्या पंचरत्नमधले हिरे व्यापारी २०१० नंतर भारत डायमंड बोर्समध्ये आले. पण कुर्ला स्टेशनातून बाहेर पडून बीकेसीला पोचणं हे आजही मध्य रेल्वेवाल्यांच्या दिवसातलं सगळ्यात वाईट काम आहे. शेअर रिक्षाची रांग, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. रस्ते रुंद आहेत ते गाड्यांसाठी, माणसाला पलीकडे जायला लांब वळसा.

मेट्रो ३ मुळे फरक पडला, नक्कीच. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ ला, आणि वर्षभरात थेट कफ परेडपर्यंत, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. अंधेरी, सांताक्रूझ, दादरवाल्यांना बीकेसी जवळ आलं, आणि विधान भवन, हुतात्मा चौकही जवळ आले. गंमत नाही, खरं सांगतो: आमच्या इथल्या एक-दोन कंपन्या आता पुन्हा दक्षिणेतली जागा बघतायत अशी चर्चा कँटीनमध्ये आहे. कुर्ल्याला मात्र ती मेट्रो येत नाही. मेट्रोचा २बी मार्ग बीकेसी आणि कुर्ला करत मंडाळेला जाणार आहे, त्याची वाट बघतोय.

मिठी नदीच्या काठावर भराव घालून हे सगळं उभं राहिलंय, हेही विसरू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कलिना आणि कुर्ल्यात आम्ही काय बघितलं ते आम्हालाच माहीत.

माण_गावठाण

पुण्याहून लिहितो, हिंजवडीच्या शेजारचा. तुम्ही सगळे ऑफिसात येणारे. मी त्या पार्काखाली ज्यांची जमीन गेली त्यांच्यातला.

इथे आधी साखर कारखाना होणार होता. शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितलंय की कारखाना दुसरीकडे न्या म्हणाले आणि जागा आयटीला दिली. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या पोरांना काम मिळालं, भाडी आली, घरं झाली. पण एमआयडीसीने पार्क केला आणि पार्कापर्यंत येणारं गाव तसंच ठेवलं. आत चौपदरी रस्ता, दिवे, झाडं. गेटबाहेर आमचा जुना गाडीरस्ता, त्यावर लाखभर माणसांच्या गाड्या. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं महापालिकेत नाहीत, ग्रामपंचायती आहेत. रस्ता पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), पार्क एमआयडीसीचा, नाला कुणाचा ते पाऊस आल्यावर शोधायचं. ग्रामपंचायतीच्या ताकदीने इतक्या लोकांचा कचरा आणि सांडपाणी निस्तरत नाही. बातम्यांत आयटीवाल्यांचे हाल येतात. आमच्या शाळेची बस त्याच कोंडीत असते, गरोदर बाईला घेऊन निघालेली गाडी त्याच कोंडीत असते.

शिवाजीनगर ते माण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. आयटी पार्क आला नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. मधली वीस वर्षं माणसं दुचाकीवर आणि कंपनीच्या बसमध्ये काढली. आधी रेल्वे आणि मग ऑफिस, हा क्रम इंग्रजांच्या मुंबईला जमला, आपल्याला का जमत नाही?

हडपसरी

माण_गावठाण, तुमची तळमळ पोचली. आमच्या हडपसरच्या मगरपट्ट्यात मात्र वेगळं घडलं. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र करून स्वतःच कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात वाटा ठेवला. आयटीच्या इमारती, घरं, शाळा, बाग एकाच कुंपणात. मी तिथे राहते आणि चालत ऑफिसला जाते. घरभाडं परवडणाऱ्यांचीच ही सोय आहे, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मांजरीहून दोन बस बदलून येतात. पण जमीन ज्याची, त्याच्या हातात आखणी राहिली, एवढा फरक पडतो.

पोळीभाजी_केंद्र

मी ऐरोलीत पोळीभाजी केंद्र चालवते, म्हणून धाग्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर देते. पार्काच्या गेटबाहेर काय आहे?

स्टेशनच्या एका बाजूला राहत्या वस्तीचे सेक्टर आहेत. तिथे भाजी मार्केट, बँका, दवाखाने, औषधांची दुकानं सगळं मिळतं. दुसऱ्या बाजूला जुना औद्योगिक पट्टा, तिकडे पार्क. जेवायच्या सुट्टीत सेक्टरला जाऊन यायचं तर रिक्षाच लागते, आणि तुमचा तास त्यातच जातो. गेटबाहेर टपऱ्या आहेत: वडापाव, अंडाभुर्जी, चहा, शेवपुरी. अतिक्रमणची गाडी आली की पळतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. त्यांच्यामुळे शिपाई, सुरक्षारक्षक, सफाईवाले आणि नवीन लागलेली मुलं पोट भरतात, कारण आतल्या फूड कोर्टात एका जेवणाचे जे पैसे पडतात त्यात त्यांचे दोन दिवस निघतात.

आमच्यासारख्यांना आत डबा द्यायचा तर पास लागतो. पास मिळतो तो कंत्राट असलेल्या कँटीनवाल्याला. मी डबे गेटवर ठेवते, मुलं खाली येऊन नेतात. वर जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा मिनिटं, पोळ्या गार. तुमच्या फोर्टात डबेवाला टेबलापर्यंत येतो. ताई, पत्र लिहाल तेव्हा एवढं मागा: बाहेरच्या डब्याला आत यायची परवानगी. तुमची सोय होईल आणि आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांची रोजी वाढेल.

पलीकडचा

न्यू जर्सीहून. इथे साठच्या दशकापासून मोठ्या कंपन्या न्यूयॉर्क सोडून हिरवळीत ऑफिसं बांधत गेल्या. बेल लॅब्सची होमडेलची इमारत १९६२ ची, एरो सारिनेनने आखलेली, काचेची, अवाढव्य. आजूबाजूला फक्त झाडं आणि पार्किंग. कंपनी गेल्यावर ती कित्येक वर्षं रिकामी पडली, पाडायचंही घाटत होतं. आता तिच्या आत दुकानं, खाण्याची ठिकाणं, गावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. कुणीही आत येऊन फिरू शकतं, शेजारच्या गावातली मुलं अभ्यासाला येतात. माझे एडिसनमधले मराठी मित्र रोज गाडीने अशाच पार्कांत जातात किंवा ट्रेनने मॅनहॅटनला, आणि बहुतेकांची पसंती ट्रेन. ऐरोलीचे पार्क अजून नवे आहेत. त्यांचं गेट गावाला उघडायचं असेल तर आताच उघडा.

पगारपत्रक

मी मनुष्यबळ विभागात आहे, पत्रासाठी उपयोगी पडेल ते सांगते. मागण्या भावनेवर नको, कायद्यावर आणि आकड्यावर ठेवा.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा, हे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आलं. तुम्ही दीडशे आहात. पार्कातल्या इतर कंपन्यांबरोबर मिळून एक पाळणाघर चालवता येतं, खर्च वाटला जातो. वसईच्या दादांनी लिहिलं तशा राजीनाम्यांतले निम्मे तरी यानेच थांबतील. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीने काम करायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायची व्यवस्था हवी. तुमचे दावे विभाग मार्चअखेरीस रात्री उशिरापर्यंत बसतात, हे मला माहीत आहे. ऐरोली स्टेशन ते पार्क रात्रीचा रस्ता सुनसान असतो, म्हणून हे आताच लिहून घ्या.

दुसरं, प्रत्येकाचा आजचा आणि उद्याचा प्रवास तक्त्यात मांडा: किती गाड्या, किती वेळ, पासाचा खर्च. व्यवस्थापनाला सरासरी दाखवली तर ती छानच दिसेल, कारण ठाणे-कल्याणवाल्यांचा वेळ वाचतो. ज्यांचा वाढतो त्यांची नावं वेगळी काढा, आणि त्यांच्यासाठी घरून कामाचे दिवस किंवा फोर्टातल्या उरलेल्या जागेत टेबल मागा. ती जागा फक्त वरच्या दहा लोकांसाठी का असावी?

खिडकीजवळची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवायच्या सुट्टीत आम्ही सहाजणी बसलो आणि तक्ता सुरू केला. अठ्ठेचाळीस लोक पश्चिम मार्गावरचे निघाले, त्यातल्या एकवीस जणी. हा आकडा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता, मलाही नाही. मी माझ्या ठाण्याच्या गर्दीचा विचार करत होते. पत्राचा पहिला परिच्छेद आता त्यांचा असेल. पाळणाघर, डब्याला आत परवानगी आणि फोर्टात वीस टेबलं, या तीन मागण्या एकमताने ठरल्या. चौथा_मजला, तुमचं वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे: पार्कपर्यंत पोचायची सोय.

वसईचा_वाटसरू

फार बरं वाटलं वाचून. संध्याकाळी सहाला सुटायच्या ऐवजी पाचला सुटायची मुभाही मागा. ठाण्याची पाचची आणि सहाची गर्दी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घणसोली_नाका

उशिरा आलो, पण डोंबिवलीकरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग. कल्याण-डोंबिवलीच्या गाड्या ठाण्यात न शिरता कळव्याहून थेट नवी मुंबईला वळाव्यात, यासाठीच तो आखला आहे. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. कळव्याकडचा जोड मात्र तिथल्या कुटुंबांच्या पुनर्वसनावर अडलेला आहे. ती घरं नीट, न्याय्य पद्धतीने दुसरीकडे बसली तर तुमची ठाण्याची बदली संपेल, आणि ठाणे स्टेशनाच्या पुलावरचा भारही कमी होईल.

तुमच्या पार्कात शंभर कंपन्या असतील. प्रत्येकीने आपापल्या बस लावण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून रेल्वेकडे आणि एमआरव्हीसीकडे (मुंबई रेल्वे विकास महामंडळ) हा एक विषय लावून धरला पाहिजे. तुमच्या पत्राची एक प्रत पार्कच्या व्यवस्थापनालाही द्या, आणि इतर कंपन्यांच्या लोकांच्या सह्या घ्यायच्या असतील तर मला इथेच निरोप टाका. मी रोज सकाळी सव्वाआठला ऐरोली स्टेशनला असतो, आमच्या मजल्यावरचे चाळीस-पन्नास तरी सही करतील.